टेराट्राइक रोव्हर : पहिली रिकंबंट ट्राइक म्हणून कशी आहे?

रिकंबंट म्हणजे पाठ टेकून चालवायच्या सायकलींकडे लोक दोन कारणांनी वळतात. एक म्हणजे साध्या सायकलच्या सीटने, मनगटांनी किंवा मानेने छळलेलं असतं. दुसरं म्हणजे या सायकली फार वेगवान असतात असं कुठेतरी वाचलेलं असतं. दुसऱ्या कारणासाठी टेराट्राइक कंपनीची रोव्हर ही तीनचाकी, म्हणजे ट्राइक, घेऊ नका. वेगाची ती कीर्ती खरी आहे, पण ती दोन चाकांच्या बुटक्या रिकंबंटची आहे. जुलै १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशेच्या वेलोकार या रिकंबंट सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने असल्या सायकलींना शर्यतींतून बाहेर काढलं. रोव्हरचा त्या घराण्याशी संबंध आहे तो फक्त बैठकीपुरता. पोलादी सांगाडा, २० इंची तीन चाकं, उंच सीट आणि वीस किलोच्या आसपास वजन, असं हे शांत प्रकृतीचं वाहन आहे. पहिल्या कारणासाठी मात्र याच्याइतकी सोपी सुरुवात दुसऱ्या फार थोड्या ट्राइक करून देतात.

रोव्हरची रचना ‘टॅडपोल’ प्रकारची आहे, म्हणजे दोन चाकं पुढे आणि एक मागे. याच्या उलट मांडणीला ‘डेल्टा’ म्हणतात. हासे कंपनीची केटविझल हे डेल्टाचं चांगलं उदाहरण. ब्रेक मारताना वजन पुढे येतं आणि टॅडपोलमध्ये ते दोन चाकांत वाटलं जातं, त्यामुळे नवख्या माणसाला टॅडपोल जास्त खात्रीची वाटते. डेल्टा लहान जागेत वळते आणि तिच्यावर चढणं-उतरणं सोपं असतं, पण उंच सीटची डेल्टा वळणावर लवकर कलते.

रोव्हरची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे सरकणारी सीट. बहुतेक टॅडपोल ट्राइकमध्ये पेडलं ज्या नळीवर असतात ती बूम पुढेमागे करून पायाची लांबी जुळवतात. बूम एक सेंटिमीटर पुढे नेली की चेन जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त लागते, कारण चेन जाते आणि परतही येते. थोडा फरक मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, सामावून घेतो, पण उंचीत बराच फरक असलेली दोन माणसं एकच ट्राइक वापरणार असतील तर दर वेळी कड्या जोडा-काढायचं काम मागे लागतं. रोव्हरमध्ये पेडलं जागेवर राहतात आणि सीट मुख्य नळीवर सरकते. चेनला हात लावावा लागत नाही. घरातल्या चौघांनी आळीपाळीने चालवायची असेल तर एवढ्या एका गोष्टीसाठी ही ट्राइक घ्यावी.

या सोयीची किंमत मात्र वजनाच्या तोलात मोजावी लागते आणि विक्रेते सहसा ती सांगत नाहीत. बुटक्या माणसाची सीट पुढे येते, भार पुढच्या चाकांवर जातो आणि उतारावर दोन्ही ब्रेक जोरात दाबले तर मागचं चाक हलकं होऊ शकतं. उंच माणसाची सीट मागे जाते, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर आतलं चाक लवकर उचललं जातं. सीट हलवली की हँडलंही पुन्हा जुळवावीत. कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल राहिले पाहिजेत.

लांबी जुळवण्याचं काम पाच मिनिटांत उरकू नका. गुडघ्यांची निम्मी दुखणी इथेच जन्माला येतात. जे बूट घालून चालवणार तेच घाला, कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवा, एक पेडल सगळ्यात लांब जाईल तिथे आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर पुढे सरकता कामा नये. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट फार जवळ आहे. मागच्या बाजूला किंवा टाचेच्या वरच्या शिरेत ओढ लागली, कंबर डावी-उजवी हलू लागली, तर ती फार लांब आहे. एका वेळी ५ मिलिमीटरच हलवा, थोडं चालवून पाहा आणि जागा पक्की झाली की नळीवर टेपची खूण करा. सीटची पकड पुरेशी घट्ट नसेल तर चढावर जोर लावताना ती हळूहळू मागे सरकते आणि जुळवलेली लांबी तुमच्या नकळत बिघडते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर खूण तपासा.

जाळीच्या सीटचे पट्टे मागून आवळता येतात. कमरेच्या बाकाजवळचे पट्टे अधिक घट्ट आणि खांद्यांमागचे थोडे सैल ठेवले की पाठ नीट धरली जाते. नवी जाळी वापरात ताणली जाते, तेव्हा पुन्हा आवळायला विसरू नका. पाठ फार मागे झुकवायचा मोह आवरावा. फार आडवं झोपलं की मान पुढे धरून ठेवावी लागते आणि मानेसाठी आधार बसवावा लागतो. सुरुवातीला सीट उभट ठेवलेलीच बरी.

आता ज्या गोष्टीशिवाय ट्राइक रस्त्यावर नेऊच नये ती सांगतो. ट्राइकवर पाय पेडलवरून घसरला तर तो थेट जमिनीवर पडतो आणि ट्राइक पुढे जातच असते. पाऊल जमिनीला अडकतं, पाय सांगाड्याखाली मागे ओढला जातो आणि घोटा किंवा गुडघा पिरगळतो. वेग कमी असतानाही हाड मोडू शकतं. दोन चाकी सायकलवर पाय खाली टेकवायची सवय असलेल्यांना हा धोका जास्त असतो, कारण तोल गेल्यासारखं वाटलं की पाय आपोआप खाली जातो. साध्या सपाट पेडलवर चालवू नका. बुटाच्या तळाला बसवलेला खटका, म्हणजे क्लीट, ज्यात अडकते असे एसपीडी पेडल आणि त्याचे बूट वापरा, किंवा ते नको असतील तर टाचेमागे आधार देणारी पट्ट्यांची पेडलं बसवा. फक्त चवड्यावरून जाणारा पट्टा पुरत नाही, टाच मागे घसरायची वाट बंद झाली पाहिजे. ट्राइक उभी असताना पडत नाही, त्यामुळे क्लीट सोडवायची घाई कधीच नसते. साध्या सायकलवर क्लीटला घाबरणाऱ्यांनाही इथे ती सहज जमते.

गिअर हा रोव्हरचा कमकुवत भाग आहे. पुढे एकच चेनरिंग, म्हणजे पेडलांजवळचं दातेरी चक्र, आणि मागे आठ गिअर. रोव्हरच्या एक्स ८ प्रकारात डेरेलर, आय ८ प्रकारात मागच्या चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबच्या आत, बंद असलेले गिअर. रिकंबंटवर उभं राहून वजन टाकता येत नाही, चढ फक्त पायांच्या फिरण्यावर चढायचा असतो, म्हणून सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे हे आधी बघा. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. २० इंची चाकाचा परीघ साधारण दीड मीटर धरा. पुढे ३२ आणि मागे ३४ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात ट्राइक सुमारे १.४ मीटर जाते. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला पावणेसात किलोमीटर. डोंगराळ रस्त्यासाठी हा आकडा दीड मीटरच्या आतच हवा, सामान लादणार असाल तर आणखी कमी. शिमानोच्या नेक्सस ८ हबचा सगळ्यात हलका गिअर ०.५२७ आणि सगळ्यात जड १.६१५ असतो. पुढचे दाते मागच्या दात्यांच्या दुप्पट असतील तर एका फेऱ्यात १.५८ ते ४.८५ मीटर जाता येतं. सपाट गावात हे छान चालतं आणि थांबलेल्या ट्राइकवर गिअर बदलता येतो, ही सिग्नलला मोठी सोय आहे. पण चढावर कमी पडतं आणि तेच ८० फेरे धरले तर तेवीस किलोमीटरच्या वेगानंतर पाय हवेत फिरू लागतात. हबला पुढे फार लहान चेनरिंग लावून हा प्रश्न सोडवू नका, हबच्या आतल्या भागांवर झेपेल त्यापेक्षा जास्त पीळ येतो. चढ असतील तर एक्स ८ घ्या आणि पहिल्या दिवशीच चेनरिंग लहान करून घ्या.

याच ठिकाणी एक इशारा. पाठीला भक्कम टेकू असल्याने तुम्ही स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त जोराने पेडल ढकलू शकता आणि गुडघे ते सहन करत नाहीत. पेडल जड लागलं की लगेच गिअर उतरवा. पहिले काही आठवडे मांड्या आणि ढुंगणाचे स्नायू लवकर थकतील, कारण ते वेगळ्या कोनात काम करत असतात. पायाची बोटं बधिर होत असतील तर क्लीट टाचेकडे सरकवा आणि बुटाचे बंद सैल करा.

ब्रेक डिस्कचे आहेत आणि या वजनाला पुरेसे आहेत. टॅडपोल ट्राइकवर दोन्ही हातांचे ब्रेक सारखे धरत नसतील तर ट्राइक एका बाजूला ओढते. रिकाम्या जागेत वेग कमी ठेवून हे तपासा. वेग वळणाच्या आधी कमी करा आणि वळताना खांदे वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. आतलं चाक उचललं गेलं तर हँडल किंचित सरळ करा, पाय खाली टाकू नका. उंच सीटमुळे रोव्हरमधून उठणं सोपं जातं, पण कॅट्राइक किंवा आइस या कंपन्यांच्या बुटक्या स्पोर्ट ट्राइक ज्या वेगाने वळण घेतात त्या वेगाने ही घेणार नाही. ट्राइकवर बसताना-उठताना ब्रेक लॉक करा आणि पुढच्या चाकांच्या पुढे, म्हणजे पेडलांजवळच्या नळीवर, वजन टाकू नका. मागचं चाक उचललं जाऊन ट्राइक नाकावर येते.

पुढचे टायर भराभर झिजत असतील, चालताना सूं-सूं आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा दोष टायरचा नसतो, चाकांच्या जुळणीचा असतो. ट्राइक सपाट जागी, चाकं सरळ, कुणीतरी सीटवर बसलेलं. हबच्या उंचीवर दोन्ही रिममधलं अंतर पुढच्या बाजूला मोजा, मग मागच्या बाजूला. पुढचं अंतर मागच्याइतकं किंवा १ ते २ मिलिमीटर कमी असावं. रिम वाकडी असेल तर माप फसवतं, म्हणून पुढे मोजलेला बिंदू अर्धा फेरा फिरवून मागे आणा आणि तिथेच मोजा. फरक असेल तर पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे लॉकनट सैल करून दांडा फिरवायचा असतो. त्याच्या एका टोकाचे आटे अनेकदा उलटे असतात, नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी ते पाहून घ्या.

पंक्चरची गोष्ट सुखाची आहे. पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात, त्यामुळे चाक न काढता ट्यूब बदलता येते. मागच्या चाकाला हबगिअर असेल तर १५ मिलिमीटरचा पाना जवळ ठेवा आणि गिअरची केबल कशी सुटते हे घरीच पाहून घ्या. २० इंची म्हणून विकली जाणारी चाकं दोन मापांची असतात, ४०६ आणि ४५१ (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये). रोव्हरला ४०६ लागतं. ४५१ चा टायर या रिमवर बसत नाही. तीन चाकांचे तीन माग पडतात, त्यामुळे खड्डा दोन चाकांच्या मधून काढला तरी मागचं चाक त्यात जातंच. यावर जाड टायर हाच उपाय.

दोन्ही बाजूंना आरसे लावा, कारण पाठ टेकलेली असताना मागे वळून बघता येत नाही. उंच काठीचा झेंडा लावा आणि मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा.

भारक्षमता सुमारे १८० किलो आहे आणि जड शरीराच्या माणसांसाठी इतका निश्चिंत पर्याय कमी ठिकाणी मिळतो. मात्र रोव्हरची घडी होत नाही. गाडीतून न्यायची असेल तर आइस किंवा एचपी वेलोटेक्निकच्या घडीच्या ट्राइक पाहाव्या लागतील. घ्यायच्या आधी दाराची रुंदी मोजा. ट्राइक साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंद असतात, अरुंद दारातून त्या एका कुशीवर आडव्या करून न्याव्या लागतात आणि वीस किलोचं हे वजन रोज उचलायला जड जातं.