रात्रीच्या गाडीआधी: लाउंज, वेटिंग रूम की घरचा सोफा?

माझी आत्या नाशिकला कॉलेज रोडला राहते. तिची नागपूरची विदर्भ एक्स्प्रेस नाशिकरोडला येते रात्री दहाच्या सुमारास, आणि आत्या संध्याकाळी सहालाच चपला घालून दारात. "द्वारकेला अडकलो तर?" हा तिचा मुद्दा. द्वारका म्हणजे स्टेशनाच्या वाटेवरचा कोंडीचा चौक. मुद्दा खोटा आहे असं नाशिकचा कुठलाच माणूस म्हणणार नाही. पण मग साडेसातला स्टेशनात पोचून पुढचे अडीच तास करायचं काय? परवा तिनं विचारलं, "अरे, ते पैसे भरून बसायचं एसी लाउंज असतं म्हणे, विमानतळासारखं. घ्यावं का रे? गुडघे दुखतात."

मी म्हटलं, "आत्या, तू घरीच थांब." तिला ते उद्धट वाटलं. पण उत्तर तेच आहे, आणि ते का, हे नीट सांगायला हवं. कारण दुसऱ्या एखाद्या स्टेशनात, दुसऱ्या एखाद्या प्रवासात, मी तिला हात धरून लाउंजमध्ये नेऊन बसवलं असतं.

लाउंजची तुलना आपण नेहमी प्लॅटफॉर्मवरच्या बाकाशी करतो. तिथे लाउंज जिंकणारच. एकीकडे एसी, सोफा, चार्जिंगचा पॉइंट, स्वच्छ संडास. दुसरीकडे डास आणि शेजारच्या बाकावर मोबाइलवर मोठ्या आवाजात रील्स बघणारा भाऊ. पण नाशिककराला बाक आणि लाउंज यांतून निवडायचं नसतं. त्याला निवडायचं असतं लाउंज आणि स्वतःचं घर यांतून. घरी सोफा आहे, जेवण गरम आहे, संडास आपला आहे आणि तासाचे पैसे कोणी मागत नाही.

आता घरी थांबायचं म्हणजे अचूक वेळी निघता आलं पाहिजे. आणि ही सोय नाशिकला जितकी चांगली आहे तितकी फार कमी गावांना असेल. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, तिला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, १:३७ (दर ३७ मीटरला एक मीटर) चढाचा थळ घाट चढून ती इगतपुरीला येते, तिथे बँकर सुटतात. इगतपुरी ते नाशिकरोड साधारण ५० किलोमीटर, म्हणजे पाऊण तास धरा. मोबाइलवर गाडीचं ठिकाण दिसतंच. स्टेशनाजवळच्या जेल रोड, उपनगर, दत्तमंदिर भागातल्यांनी गाडी इगतपुरीहून सुटली की रिक्षा बोलवावी. लांबच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, सातपूरवाल्यांनी ती कसाऱ्याला लागली की निघावं, म्हणजे द्वारकेचा चौक पचवूनही हाताशी वेळ उरतो. (राजधानी दोन्ही टोकांना इंजिनं लावून घाट चढते, बँकरसाठी खोळंबत नाही. तिच्या बाबतीत थोडं आधी हला.) पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी दोन-दोन तास तिकडेच अडकते. अशा वेळी घरी थांबलेला माणूस अजून एक चहा पितो. लाउंजवाला मात्र अजून दोन तासांचे पैसे भरतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नाशिकरोडहून रात्री लांब जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथून सुटत नाहीत, इथे थांबून जातात. दोन मिनिटं, फार तर पाच. मुंबईच्या सीएसएमटीला गाडी आधी लागते, दिवे लागतात, माणूस सावकाश जाऊन चादर पसरतो. इथे तसं नाही. बावीस डब्यांची गाडी म्हणजे लांबी अर्धा किलोमीटरपेक्षा जास्त. तुमचा डबा इंजिनाकडे असला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला उभे असलात, तर बॅगा घेऊन धावायचं किंवा मिळेल त्या डब्यात शिरून आतून सरकत जायचं. म्हणजे कितीही मऊ सोफ्यावर बसला असलात तरी गाडीच्या वीस मिनिटं आधी उठून, पूल ओलांडून, डब्याच्या आकड्याखाली उभं राहावंच लागतं. दोन तास थांबायचं असेल तर त्यातले शेवटचे वीस-पंचवीस मिनिटं लाउंजच्या हिशेबातून आधीच वजा करा.

हे मी अनुभवावरून बोलतोय. एका मोठ्या स्थानकातल्या लाउंजमध्ये, नाव नको, आत इतकी शांतता होती की बाहेरची घोषणाच ऐकू येत नव्हती. भिंतीवरच्या स्क्रीनवर जुनाच प्लॅटफॉर्म दिसत होता. बाहेर आलो तेव्हा कळलं, गाडी दोन प्लॅटफॉर्म पलीकडे लागली आहे. धावताना लाउंजमध्ये प्यायलेली कॉफी पोटात डुचमळत होती. तेव्हापासून लाउंजमध्ये शिरलो की आधी काचेतून प्लॅटफॉर्म दिसतो का आणि आत घोषणा ऐकू येते का, हे बघतो. सोफ्याचा रंग नंतर.

मग वेटिंग रूमचं काय? फुकट आहे, आणि लोक समजतात तितकी वाईट नाही. एसी किंवा फर्स्ट क्लासचं तिकीट असेल तर उच्च श्रेणीची खोली, स्लीपरचं असेल तर द्वितीय श्रेणीची. दारात वहीत पीएनआर लिहून घेतात, त्यामुळे तिकीट नसलेले फारसे आत येत नाहीत. खुर्च्या लोखंडी, मधे हात असलेल्या, म्हणजे आडवं व्हायचा विचारच सोडा. चार्जिंगचा पॉइंट मिळाला तर लॉटरी. पण तासाभरासाठी यापेक्षा जास्त काय लागतं? बाईमाणूस एकटं असेल, कडेवर तान्हं असेल, तर महिलांच्या वेगळ्या प्रतीक्षालयाइतकी चांगली जागा नाही. पैसे भरलेल्या मिश्र लाउंजपेक्षा मी माझ्या बहिणीला तिथेच बसायला सांगेन. डिसेंबरमध्ये निफाडकडून येणारा गारवा प्लॅटफॉर्मवर हाडात शिरतो, तेव्हा ती बंद दाराची साधी खोलीसुद्धा ऊबदार वाटते. त्या दिवसांत एसीचे पैसे भरायला सांगणाऱ्याला हात जोडा.

रिटायरिंग रूमबद्दल एक गैरसमज आहे. ती रात्रीच्या गाडी*आधी* घ्यायची चीज नाही. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते, वेटिंग लिस्टवर नाही. बहुतेक ठिकाणी हिशेब १२ किंवा २४ तासांचा, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ असा. तुमची गाडी दहाची. म्हणजे रात्रीचा पूर्ण स्लॉट घेऊन त्यातले दोन तास वापरणार, किंवा दिवसाचा घेतला तर आठला खोली सोडून पुन्हा बाकावर येणार. तीच खोली उलट्या प्रवासात सोन्याची. नागपूरकडून येणारी गाडी पहाटे तीन-चारला उतरवते, शहरात जायला रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं, आणि म्हातारे आई-बाबा सोबत असतात. तेव्हा ती खोली किंवा डॉरमिटरीतला एक पलंग घ्या, सकाळी उठा, सिटीलिंकच्या बसने आरामात घरी जा. एक चांगलं झालंय, जुलै २०२४पासून रेल्वेच्या रिटायरिंग रूम, वेटिंग रूम, क्लोक रूम आणि प्लॅटफॉर्म तिकिटावरचा जीएसटी उठला. मात्र खासगी ठेकेदाराच्या लाउंजमध्ये पावतीवर कर दिसला तर दचकू नका, तो दर वेगळा विचारून घ्यायचा.

पाहुण्यांचं गणित वेगळं. ज्यांचं नाशकात घर नाही त्यांना "घरी थांबा" म्हणून काय उपयोग? त्र्यंबकला पूजा करून आलेलं कुटुंब, शिर्डीहून बसने उतरलेली मंडळी, हॉटेलची खोली दुपारी बाराला सोडलेली आणि गाडी रात्री साडेदहाची. इतका वेळ तासाच्या दराने लाउंजमध्ये काढणं म्हणजे वेडेपणा. त्यांनी सामान क्लोक रूममध्ये टाकावं (बॅगेला कुलूप हवं, नसेल तर बाहेरून एक छोटं घेऊन ठेवा), पंचवटी बघावी, संध्याकाळी परत येऊन मुक्तिधामला टेकावं, बिटको चौकाकडे जेवावं आणि नऊनंतर स्टेशनात यावं. त्यातही कोणी आजारी असेल, लहान मूल झोपेला आलं असेल, तर शेवटच्या दीड-दोन तासांसाठी पैसे देऊन एसीत बसण्यात काहीच चूक नाही. चौघांचं कुटुंब आणि चार तास असा हिशेब निघाला तर मात्र आधी स्टेशनसमोरच्या लॉजचा अर्ध्या दिवसाचा भाव विचारा. लाउंज डोक्यामागे पैसे घेतं, लॉज खोलीमागे. तिथे पाय पसरता येतात आणि अंघोळही होते.

आणि आता जिथे मी स्वतः लाउंजचे पैसे बिनतक्रार देतो ते. गाडी बदलताना. नाशिकहून कोकणात जायचं तर दुपारच्या गाडीने मुंबई गाठायची आणि रात्री अकरानंतर सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस पकडायची, असा आमच्याकडचा रिवाज. मधे पाच तास. घर मागे दीडशेहून जास्त किलोमीटर, सोबत ओझं, बाहेर मुंबईचा उकाडा. इथे लाउंज घराशी नाही, फक्त फुटपाथशी स्पर्धा करतं. सीएसएमटीला 'नमः' नावाचं एसी प्रतीक्षालय सुरू झालं तेव्हा दर होता माणशी तासाला १० रुपये. त्या हिशेबाने चौघांचे चार तास १६० रुपयांत. एवढ्यात चौघांचा वडापाव आणि चहासुद्धा नीट होत नाही! ठेका बदलला की दर बदलतो, म्हणून दारावरची पाटी वाचूनच आत जा, पण विचार तोच. शिवाय गाडी इथूनच सुटते, त्यामुळे डब्यासाठी धावाधाव नाही. काही जण वेळ वाचवायला ठाण्यालाच गाडी बदलतात. वेळ वाचतो, पण तीन-चार तास ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर लोकलच्या गर्दीत बॅगा सांभाळून बघा एकदा. गुजरात-राजस्थानकडच्या गाडीसाठी मुंबई सेंट्रलला जाणाऱ्यांना तिथला पॉड हॉटेलचा, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचा, पर्यायही आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये ते ४८ पॉडसह सुरू झालं तेव्हा १२ तासांना ९९९ रुपयांपासून दर होता. पाठ टेकायची असेल तर ते, नुसतं बसायचं असेल तर कशाला.

दिल्लीकडच्यांसाठी एक इशारा. "नवी दिल्लीला मस्त लाउंज आहे, क्रेडिट कार्डावर फुकट," असं कोणी सांगेल. खरं आहे. आयआरसीटीसीच्या नावाच्या कार्डांवर दर तिमाहीला अशा मोजक्या भेटी मिळतात. पण ते लाउंज नवी दिल्ली स्टेशनात, अजमेरी गेटच्या बाजूला, १६ नंबरच्या प्लॅटफॉर्मपाशी. नाशिकरोडवरून जाणारी राजधानी आणि मंगला एक्स्प्रेस मात्र हजरत निजामुद्दीनला थांबतात. परतीची राजधानी पकडायची असेल आणि तुम्ही नवी दिल्लीच्या लाउंजमध्ये कॉफी पीत बसलात, तर मधे दिल्लीचा संध्याकाळचा रस्ता आहे. आणि राजधानीच्या तिकिटात जेवण धरलेलं असेल तर लाउंजमधल्या बुफेचे पैसे कशाला घालायचे? पोट एकच. पंजाब मेल नवी दिल्लीला थांबते, तिच्या प्रवाशांनी मात्र कार्ड जरूर काढावं.

एक हिशेब मी नेहमी सगळ्यांना करायला सांगतो. स्लीपरचं तिकीट काढून लाउंजचे पैसे भरणारे पुष्कळ भेटतात. दोन तास गार खोलीत बसायचं आणि मग दहा तास खिडकीतून येणारी धूळ खायची. रात्रीच्या प्रवासात झोप बर्थवर मिळते, सोफ्यावर नाही. ते पैसे, त्यात थोडी भर घालून, थ्री टायर एसीकडे वळवता येत असतील तर वळवा. तिथे चादर-उशी मिळते, उच्च श्रेणीच्या वेटिंग रूमचा हक्कही आपसूक मिळतो. ज्यांना थ्री एसीचं वेटिंग लागलंय आणि स्लीपर कन्फर्म आहे, त्यांनी कन्फर्मच धरा. लाउंजमधून बाहेर पडून आरएसीच्या अर्ध्या बर्थवर रात्र काढायला कोणाला आवडत नाही.

आत्याचं काय झालं? या वेळी तिला कसाऱ्याची युक्ती शिकवली. गाडी कसाऱ्याला लागली, तिनं पोळीभाजीचा डबा पिशवीत टाकला, मी गाडी काढली. द्वारकेला वीस मिनिटं गेली, तिनं देवाचं नाव घेतलं. स्टेशनात पोचलो तेव्हा गाडी अजून देवळालीच्याही पलीकडे होती. उच्च श्रेणीच्या खोलीत ती दहा मिनिटं बसली असेल, मग हमालाला बॅग देऊन डब्याच्या आकड्याखाली जाऊन उभी राहिली.

"पुढच्या वेळी तरी लाउंज दाखव," गाडीत चढता चढता म्हणाली.

सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे. त्यानंतर पर्वणीच्या दिवसांत रस्ते वळवले जातील, गर्दीसाठी प्रवाशांना स्टेशनाबाहेरच थांबवलं जाईल, तेव्हा माझी कसाऱ्याची युक्ती चालणार नाही. त्या दिवसांत आत्याला संध्याकाळी चारलाच घेऊन निघेन, आणि बसायला कुठेही, कितीही पैसे देऊन, जागा मिळाली तर गपगुमान पावती फाडेन.