आयकिडो की ज्युदो? साताऱ्यात क्लास लावण्याआधी

आधी मत सांगते, मग कारणं. मूल दहा-बारा वर्षांचं असेल आणि त्याला स्पर्धेची हौस असेल, तर ज्युदो. तुम्ही स्वतः चाळिशीकडे झुकलेले असाल, दिवसभर खुर्चीत बसत असाल आणि पुढे कित्येक वर्षं करता येईल असं काही हवं असेल, तर आयकिडो. जिथे पडायला नीट शिकवत नाहीत, तिथे मात्र दोन्हीपैकी काहीच लावू नका.

बाहेरून बघणाऱ्याला या दोन्ही जपानी युद्धकला सारख्याच वाटतात: तोच पांढरा जाड गणवेश, तीच मॅट, तेच गुडघ्यांवर बसून केलेलं वंदन. नातंही जवळचं आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला. आयकिडो मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी नंतर घडवला. १९३० मध्ये कानोंनी उएशिबांचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि आपले काही विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला पाठवले.

खरा फरक जोडीदारात आहे. ज्युदोच्या रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, समोरचा तुम्हाला सुखासुखी पाडू देत नाही. त्यामुळे आपला डाव खरंच लागतो का, हे त्याच संध्याकाळी कळतं. आयकिडोत बहुतेक ठिकाणी स्पर्धाच नसते. जोडीदार मनगट धरतो किंवा हात उगारतो, तुम्ही तंत्र करता, तो पडतो, मग पाळी बदलते.

कोतेगाएशीचंच बघा, म्हणजे मनगट वळवून पाडण्याचा आयकिडोतला डाव. तुमचा अंगठा समोरच्याच्या हाताच्या पाठीवर, करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी येतो. नवा माणूस लगेच मनगट पिळायला जातो. समोरचा ताठ होतो आणि सगळं तिथेच अडतं. आधी आपण पाऊल टाकून वळायचं, त्याचा तोल पुढे काढायचा आणि मगच त्याची बोटं त्याच्याकडे दुमडत हात खाली न्यायचा. हे अंगात मुरायला फार वेळ लागतो. मला आयकिडो आवडतो तो याच बारकाईसाठी. वय वाढलं, ताकद कमी झाली, तरी हे काम चालू राहतं.

पण जोडीदार नुसता हात लागताच लोळण घेत असेल, तर तो सराव राहत नाही. क्लास बघायला जाल तेव्हा तेवढं लक्ष देऊन बघा: जुना विद्यार्थी नव्याला अधूनमधून अडवतो का, तोल गेला नसेल तर उभा राहतो का? आणि मुलीला सहा महिन्यांत स्वसंरक्षण यावं एवढाच हेतू असेल, तर आयकिडो लावू नका. तेवढ्या वेळात ज्युदो जास्त देतो.

आपल्या जिल्ह्यात कुस्तीचाही विचार करावा लागतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. तालमीत जाऊन आलेली पोरं आजही इथे सहज भेटतात. पकड आणि तोल त्यांच्या अंगात असतो, म्हणून ज्युदो त्यांना पटकन जमतो. फक्त पट काढायची सवय सोडावी लागते, कारण २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत थेट पायाला हात घालून पाडायला बंदी आली. आयकिडोत त्यांची अडचण वेगळीच होते. कुस्तीत पाठ टेकली की हरलो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. इथे रोज आपणहून पाठ मॅटला द्यायची. पहिले काही आठवडे शरीर ऐकतच नाही.

या पडण्याला दोन्हीकडे उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, आणि तळव्यापासून दंडापर्यंतचा पूर्ण हात एकदम मॅटवर. कोपर आधी टेकता कामा नये. मोठा धोका डोक्याच्या मागच्या भागाला असतो. ज्युदोतला ओसोतो-गारी आणि आयकिडोतला शिहो-नागे, दोन्ही माणसाला मागे पाडतात. उकेमी पक्की होण्याआधीच नव्या मुलावर हे डाव जोरात मारू देणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, मी माझं मूल तिथे पाठवणार नाही.

प्रमाणपत्राचा विषय सरळ आहे. ज्युदो १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिकमध्ये आला, शालेय क्रीडा स्पर्धांतही आहे. आयकिडोतून स्पर्धेची पदकं किंवा खेळाडू म्हणून मिळणाऱ्या सवलती यांची अपेक्षा ठेवू नका. तिथे क्यू (काळ्या पट्ट्याआधीच्या) आणि दान (काळ्या पट्ट्याच्या) या पायऱ्या असतात, त्या कोणत्या संस्थेच्या नावे मिळतात हे फी भरण्याआधी विचारा.

गणवेशाची घाई नको. पहिला महिना ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बहुतेक ठिकाणी चालतो. पुढे ज्युदोचा गणवेश घेतला तर तो आयकिडोलाही चालतो. आणि क्लास बघायला शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जा. साताऱ्याच्या पावसात हॉल दमट होतो, मॅट ओलसर राहतात आणि गजकर्ण एकाचं दुसऱ्याला होतं. सराव संपल्यावर मॅट पुसल्या जातात का, हे तेव्हा आपल्या डोळ्यांनी बघता येईल.