यामाहा पॅसिफिका ११२व्ही: ऑर्केस्ट्रातल्या वादकाच्या नजरेतून पिकअपची निवड

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याला एकाच कार्यक्रमात जुन्या गाण्याचे स्वच्छ अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून छेडणे), त्यामागोमाग फंकच्या अंगाचा ऱ्हिदम आणि शेवटी डिस्टॉर्शनवरचे (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजातले) पॉवर कॉर्ड वाजवावे लागतात. म्हणून गिटार घेताना मी लाकूड आणि रंग नंतर पाहतो, पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून विजेचा सिग्नल बनवणारा भाग, आधी. पॅसिफिका ११२व्ही या इलेक्ट्रिक गिटारमध्ये नेकजवळ (मानेकडे) व मधोमध सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप) आणि ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हम्बकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप), अशी एचएसएस रचना आहे.

१९५४ सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारने रूढ केलेला सिंगल कॉइलचा तो टणत्कार इथे नेक पिकअपवर छान मिळतो. स्वराची सुरुवात धारदार येते आणि कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मात्र सिंगल कॉइलमध्ये चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार गिटारच्या तारांच्या कंपनाबरोबर आसपासच्या विजेचा हमही (सततची गुणगुण) टिपते. एका मांडवात लाइटवाल्याने डिमर अर्ध्यावर आणला आणि माझ्या अँपमधून भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. गिटारसह थोडा तिरका उभा राहिल्यावर तो बराच उतरला, पण अख्खा कार्यक्रम तिरके उभे राहून कसा वाजवणार?

हम्बकर लागतो तो इथे. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केलेल्या या रचनेत दोन कॉइलचे वेढे आणि चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे बाहेरचा हम एकमेकांत कटतो आणि तारांचा सिग्नल मात्र जोडला जातो. डिस्टॉर्शन सिग्नलसोबत हमही फुगवते, म्हणून हार्ड रॉकसाठी मी ब्रिजचा हम्बकरच वापरतो. त्याचा आवाज मधल्या पट्टीत भरीव आहे, वरची चमक थोडी कमी.

टोनची खुंटी वर ओढली की हम्बकरची एकच कॉइल चालू राहते. ही सोय कामाची असली, तरी तिच्याकडून अस्सल स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिज पिकअपची अपेक्षा ठेवू नये. दोनपैकी एकच कॉइल उरली की आवाज पातळ होतो, आवाजाची पातळीही उतरते आणि हम परत येतो. मी ती फक्त ऱ्हिदमसाठी वापरतो. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून उंची जुळवली, तर तिन्ही पिकअपमधली तफावत बरीच कमी होते, पण नेकचा सिंगल कॉइल तारांच्या फार जवळ आणू नये, कारण चुंबकाच्या ओढीने जाड तारा बेसूर वाटू लागतात.

केवळ मेटल वाजवणाऱ्याने दोन हम्बकरची किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपची गिटार पाहावी. खरखरीत ब्लूजसाठी १९४६ पासूनचा पी-९० हा सिंगल कॉइल पिकअप अधिक शोभतो. जॅझसाठी नेकला हम्बकर हवा होता, ती उणीव इथे खरोखर जाणवते. तसे गाणे आलेच, तर मी नेक पिकअपवर टोन निम्म्याखाली उतरवतो आणि प्लेक्ट्रम बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवतो.