गिट बायसेक्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील बायसेक्ट ही आज्ञा मला अनेक वर्षे ऐकून ठाऊक होती. ती नियमितपणे वापरू लागून आता आठ महिने झाले. पूर्वी, चालणारी गोष्ट बिघडली की मी संशय येईल ती फाइल उघडून वाचत बसे आणि बऱ्याचदा अख्खा दिवस त्यातच जाई. बायसेक्टला संशयाची गरज नसते. नीट चालणारी एक जुनी कमिट (म्हणजे कोडमधील बदलाची एक नोंद) आणि बिघडलेली एक नवी कमिट सांगितली की ते मधली कमिट समोर ठेवते आणि आपल्या प्रत्येक उत्तरागणिक उरलेला पल्ला निम्मा करते, त्यामुळे १००० कमिटमधूनही सुमारे १० तपासण्यांत मूळ हाती लागते.

पहिल्याच महिन्यात अहवालातील तारीख काही ग्राहकांना एक दिवस मागची दिसू लागली. आम्ही सारे डेटाबेसकडे बोट दाखवत होतो. बायसेक्टने दाखवलेल्या कमिटमध्ये मात्र एकच ओळ बदलली होती: तारखेच्या मजकुराला जोडलेली मध्यरात्रीची वेळ कोणीतरी अनावश्यक समजून काढली होती. जावास्क्रिप्ट नुसती तारीख यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, वाचते, पण वेळ जोडलेली असून वेळेचा विभाग (टाइम झोन) दिलेला नसेल तर स्थानिक वेळेनुसार. म्हणून ग्रीनिचच्या पश्चिमेकडील ग्राहकांनाच आदला दिवस दिसत होता. ती ओळ नुसती वाचून मला हे कधीच सुचले नसते.

खरा वेळ वाचतो तो ‘बायसेक्ट रन’मुळे, कारण तपासणीची स्क्रिप्ट दिली की पुढचे सारे तेच करते; पण मी सर्वांत मोठी चूकही इथेच केली. स्क्रिप्टने संपताना ० परत केला तर कमिट चांगली, १ ते १२७ मधील आकडा परत केला तर वाईट, अपवाद फक्त १२५ चा, ज्याचा अर्थ ‘ही कमिट वगळा’ असा होतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे) फसले तरी १ परत जात असल्यामुळे, केवळ बिल्ड न होणारी एक निरपराध कमिट दोषी ठरली आणि मी दोन तास तिच्यातच दोष शोधत राहिलो. आता बिल्ड फसल्यास १२५ परत करतो आणि स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या (गिटच्या देखरेखीखालील कोडच्या फोल्डरच्या) बाहेर ठेवतो, कारण जुन्या कमिटमध्ये ती फाइल अस्तित्वातच नसते.

कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टपुढे हे साधन हतबल आहे. एक चुकीचे उत्तर पुरते आणि पुढचा सगळा शोध भलत्याच अर्ध्या भागात जातो. अशा वेळी मी तीच टेस्ट प्रत्येक कमिटवर वीस वेळा चालवतो. हाताने उत्तरे देताना चूक झालीच, तर ‘बायसेक्ट लॉग’, म्हणजे दिलेल्या उत्तरांची नोंद, फाइलमध्ये घेऊन चुकीची ओळ काढायची आणि ‘बायसेक्ट रिप्ले’ चालवायचे, म्हणजे आधीची उत्तरे पुन्हा द्यावी लागत नाहीत.