निक्सी ट्यूब घेताय? ‘न वापरलेला साठा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

निक्सी ट्यूबचं (आत तारेचे आकडे नारिंगी उजळणारी जुनी काचेची नळी) घड्याळ घरी बनवणारे आपण नाशिकमध्ये मोजकेच, म्हणून हे सविस्तर लिहितोय. रेझिस्टर, कॅपॅसिटर, व्होल्टेज चढवायला एमसी३४०६३ चिप हे सगळं सहज मिळतं. अडतं ते ट्यूबपाशी. आयएन-१४ या प्रकारच्या निक्सी ट्यूब सोव्हिएत काळात बनायच्या, आता बनत नाहीत. त्यामुळे हाती येतो तो एकतर न वापरलेला साठा, नाहीतर जुन्या मीटरमधून उपटलेला माल. दोन्हींच्या भावात बरंच अंतर आहे आणि गोम तिथेच आहे.

मला सहा ट्यूब हव्या होत्या. शहरातल्याच एका विक्रेत्याने ‘एकदम कोऱ्या’ म्हणून साडेआठ हजार सांगितले. व्हिडिओ मागितला, तर सगळे आकडे झगमगताना दाखवले. द्वारका सर्कलजवळ भेटला, यूपीआयने पैसे घेतले, थर्माकोलची पेटी हातात दिली. वर म्हणाला, ‘दादा, काही वाटलं तर हक्काने फोन करा.’

घरी १८० व्होल्टच्या सप्लायवर २२ किलोओमचा रेझिस्टर लावून एकेक ट्यूब पाहिली. पहिलीचा ३ फक्त वरच्या अर्ध्यात पेटला, खालची कमान काळीच. दुसरीचे ७ आणि ९ तसेच. एक तर पेटलीच नाही. याला कॅथोड पॉयझनिंग म्हणतात. वर्षानुवर्षं तोच तो आकडा पेटत राहिला, की त्यातून उडालेला धातू शेजारच्या आकड्यांवर बसतो आणि तेवढा भाग उजळत नाही. करंट वाढवला की हे डाग झाकले जातात, ट्यूबचं आयुष्य मात्र घटतं. व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला, तर चमक आकड्याबाहेर आधाराच्या तारांवरही पसरलेली दिसते.

मग बुडाची प्लास्टिकची चकती नखाने सरकवली. मूळ पाय आखूड कापलेले आणि त्यांना सोल्डरचा डाग देऊन नवी चकचकीत तार जोडलेली. जोड बरोबर चकतीखाली लपवले होते. हे नजरचुकीने होत नाही, कोणीतरी बसून केलेलं काम आहे.

फोन केला तर म्हणे, ‘तुमचा सप्लाय कमी पडतो, घरच्या २३० व्होल्टवर डायोड लावून बघा.’ असं चुकूनही करू नका, जिवावर बेतेल. नंतर त्याने नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

आयएन-१४ घेताना ० ते ९ एकेक आकडा सावकाश पेटवायला सांगा, आणि व्हिडिओच्या त्याच चौकटीत मल्टिमीटरवर अडीच मिलिअँपिअरच्या आतला करंट दिसू द्या. चकती खाली करून पाय दाखवायला लावा. काच आतून करडी पडली असेल, तर ट्यूब भरपूर वापरलेली आहे. विक्रेता यातल्या एकालाही नाही म्हणाला, तर पैसे पाठवू नका.

नाशिकमध्ये कोणी ट्यूब घेणार असेल, तर पैसे देण्याआधी मला सांगा. सप्लाय आणि मीटर घेऊन मी स्वतः सोबत येईन.