सीरम मुरत नाही म्हणून रोलर घ्यायचा का?

गेल्या आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. एका हातात व्हिटॅमिन सी सीरमची निम्मी संपलेली बाटली, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर डर्मारोलरचा, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायच्या बारीक सुयांच्या रोलरचा फोटो. "ताई, हे चेहऱ्यावर नुसतं बसून राहतंय, आत जातच नाही. रोलर घेऊ का पीलिंगचं काहीतरी देता?" सोलापुरात चौदा वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. हा प्रश्न हल्ली दिवसाआड येतो. संध्याकाळच्या गर्दीत तिला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे नीट लिहिते, कारण या निवडीत पैशांपेक्षा चेहऱ्याचं नुकसान मोठं होतं.

आधी मी तिला म्हटलं, तू रोज कसं लावतेस ते हातावर करून दाखव. तिने ड्रॉपर पूर्ण भरून मनगटाच्या वर ओतला, दोनदा हात फिरवला आणि लगेच पर्समधलं सनस्क्रीन काढून वर चोळलं. चोळल्याबरोबर पांढऱ्या वळकट्या निघाल्या, खोडरबरचा कचरा निघतो तशा. "बघा, मुरलंच नाही!" मग दुसऱ्या हातावर तिच्याच बाटलीतले दोन थेंब लावून पाच मिनिटं थांबायला लावलं आणि त्यानंतर तेच सनस्क्रीन. एकही वळकटी नाही. म्हणजे तिची निम्मी अडचण जास्त ओतण्याची आणि घाईची होती. त्यासाठी काहीही विकत घ्यायची गरज नव्हती.

आपल्याला ज्या थरातून पलीकडे जायचंय तो समजला तर निवड सोपी होते. त्वचेच्या सगळ्यात वर मृत पेशींचा थर असतो. चेहऱ्यावर किंवा हातावर त्याची जाडी साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही पातळ. पेशी विटांसारख्या आणि मधली चरबी सिमेंटसारखी. एवढासा थर बाहेरचं बाहेर आणि आतलं पाणी आत धरून ठेवतो. यातून काय पार होतं याचा एक ढोबळ नियम बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडला: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. नायसिनामाइड १२२, व्हिटॅमिन सी १७६, रेटिनॉल २८६, म्हणजे ही मंडळी मुळातच जाऊ शकणारी आहेत. कोलॅजनचा रेणू मात्र जवळपास तीन लाख डाल्टनचा. कोलॅजन क्रीम वरवर मऊपणा देईल, पण घासा, वाफ द्या, काहीही करा, निरोगी त्वचेतून ते आत उतरणार नाही. त्यासाठी मशीन घेणाऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाक यांनी हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड औषध शरीराच्या कुठल्या भागातून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूचं शोषण १ धरलं तर कपाळाचं ६, जबड्याकडचं १३ आणि तळपायाचं फक्त ०.१४. चेहरा मुळातच भरपूर शोषतो. मदत लागते ती टाचांना, आणि आपण नेमकं उलटं करतो: चेहऱ्यावर सुया फिरवतो आणि टाचांना नुसतं क्रीम पुसून झोपतो.

आता पर्याय. पहिला म्हणजे ओलसर त्वचेवर लावणं. पाण्याने तो वरचा थर फुगतो आणि सैलावतो, त्यामुळे बरेच घटक जास्त सहज उतरतात. चेहरा धुतल्यावर टॉवेलने फक्त टिपायचा आणि ओल असतानाच हायल्युरोनिक, नायसिनामाइड किंवा साधं मॉइश्चरायझर लावायचं. अंघोळीनंतर अंगाला लावायचं तेही दोन-तीन मिनिटांच्या आतच. फुकटात होणारा, धोका जवळपास नसलेला आणि बहुतेकांना पुरेसा पडणारा हा उपाय आहे. अपवाद मात्र लक्षात ठेवायलाच हवेत. ट्रेटिनॉइनसारखी मुरमांवरची औषधं ओल्या चेहऱ्यावर लावली तर आग होते, पोपडे निघतात. तोंड धुतल्यावर २० ते ३० मिनिटं थांबून, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावा असं सांगितलं जातं ते याचसाठी. व्हिटॅमिन सीचं आम्लयुक्त सीरमही मी कोरड्यावरच लावायला सांगते. आणि सनस्क्रीन मुरावं अशी अपेक्षाच ठेवू नका. त्याचं काम वर थर धरून बसण्याचं. ते सारखं चोळून नाहीसं करणाऱ्यांना ऊन लागतं, आणि मग त्या क्रीमला दोष देतात.

याच्या शेजारी ठेवू या दुसरा पर्याय, मृत पेशी काढणं, म्हणजेच पीलिंग. यात दाणेदार स्क्रब आणि आम्ल असे दोन प्रकार. दोन्हीत निवडायचं झालं तर मी आम्ल निवडेन. स्क्रब हाताच्या जोरावर चालतो आणि मुरुमांवर घासला की ते फुटून डाग राहतात. नरक चतुर्दशीला तेल जिरवून मग आंबेहळद, नागरमोथ्याचं उटणं लावतो त्यात काही वाईट नाही, वर्षातून एकदा आणि तेही तेलाच्या थरावरून. पण तेच भरड पीठ रोज कोरड्या गालावर घासणारी मुलं माझ्याकडे लाल तोंड घेऊन येतात. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल पेशींमधली पकड सैल करतं, थर थोडा पातळ आणि एकसारखा होतो, नंतरचं सीरम खरंच जास्त आत जातं. फायदा ओल्या त्वचेपेक्षा जास्त, किंमतही जास्त: ऊन जास्त बाधतं. अमेरिकेत या आम्लांच्या बाटलीवर वापराच्या काळात आणि त्यानंतर आठवडाभर सनस्क्रीन लावण्याची सूचना छापावी असं तिथलं औषध प्रशासन सांगतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जळजळ झाली की ती जाताना काळा डाग ठेवून जाते, आणि तो महिनोन्‌महिने हटत नाही. म्हणून घरी १० टक्क्यांच्या आतलं, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, रात्री, आणि त्या रात्री रेटिनॉल नाही. दुपारच्या उन्हात गाडीवर फिरणं ज्यांना चुकत नाही आणि सनस्क्रीन लावायचा कंटाळा आहे, त्यांनी हा पर्याय सोडूनच द्यावा.

तिसरा पर्याय झाकून ठेवण्याचा. रात्री सगळं लावून झालं की वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. पाणी उडत नाही, थर ओला राहतो आणि खाली लावलेलं जास्त आत जातं. कोरड्या त्वचेच्या माणसाला ओली त्वचा आणि वर जेली ही जोडी रोलरच्या कितीतरी पट उपयोगी पडेल. तेलकट, मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र रोज करू नका. कोकणातल्या दमट हवेत तर बहुतेकांना नकोच वाटेल.

टाचांचं मी मघाशी म्हटलं. माझ्या आईच्या टाचांना दरवर्षी पौषात एवढ्या भेगा पडायच्या की चादरीचे धागे अडकायचे. दोन वर्षं ती क्रीम लावत होती, पण कोरड्या टाचेवर, झोपता झोपता. मग आम्ही पद्धत बदलली. कोमट पाण्यात वीस मिनिटं पाय, टिपून लगेच युरियाचं क्रीम, वर जेली, वर सुती मोजे. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड कातडी मऊही करतो. तिसऱ्या सकाळी मोजे काढले तेव्हा कडेचं पिवळट कातडं नखाने दाबलं तर दबत होतं. तोपर्यंत ते लाकडासारखं होतं. क्रीम तेच, लावायची रीत बदलली. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला बधिरपणा आहे त्यांनी मात्र पाय भिजवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पाणी किती गरम आहे ते त्यांना कळत नाही.

झाकण्याचा एक धोका मला मनापासून सांगायचा आहे. क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर झाकल्याने त्याचं शोषण दहापटीपर्यंत वाढू शकतं. गजकर्ण म्हणून, गोरेपणा म्हणून लोक जी मिश्र क्रीमं मागतात त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं. सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मागणारे येतातच. चेहऱ्याची सहापट शोषणाची ताकद, त्यावर स्टेरॉइड, त्यावर जेली: कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, क्रीम बंद केलं की आग. बाळाच्या लंगोटाच्या आतही हेच होतं, डायपर म्हणजे झाकणच की. तिथे मनाने कुठलंही मलम लावू नका.

चौथा, म्हणजे तिने विचारलेला रोलर. घरचे रोलर साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर सुयांचे असतात, दवाखान्यात ०.५ पासून अडीच मिलिमीटरपर्यंत. वरच्या थराची जाडी मी आधी सांगितली. घरचीच सुई त्याच्या किमान दहापट लांब आहे. म्हणजे रोलरने शोषण वाढतं यात शंका नाही, या चारांत सगळ्यात जास्त त्यानेच वाढतं. आणि तोच माझा आक्षेप. बाटलीतलं सीरम अखंड त्वचेवर लावण्यासाठी बनवलेलं असतं. त्यातला सुगंध, रंग, टिकवणारी रसायनं या थराबाहेर राहणार हे गृहीत धरलेलं असतं. २०१४ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. सुयांच्या उपचारासोबत वरून उत्पादनं लावल्यावर चेहऱ्यावर गाठींसारखी ॲलर्जी झाली होती. त्यातल्या दोघींच्या बाबतीत व्हिटॅमिन सीचं सीरम लावलेलं होतं. त्यात घरच्या रोलरच्या सुया बोथट होतात, वाकतात, नीट निर्जंतुक होत नाहीत. मुरूम असलेल्या गालावरून एकदा फिरवला की एका मुरमाचा पू सगळीकडे. खोल व्रण असतील तर सुयांचा उपचार चांगलाच उपयोगी आहे, पण तो त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून. घरासाठी मी तो देत नाही.

वाफेबद्दल थोडक्यात. छिद्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात, त्यामुळे "वाफेने छिद्रं उघडतात" हे खरं नाही. वांग असेल तर उष्णतेने तो गडद होतो, तेव्हा टाळाच. मसाजने मन शांत होतं, सीरम दोन मिनिटांत एकसारखं पसरतं, एवढंच. करंट सोडणारी छोटी मशीनं मुख्यतः विद्युतभार असलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंना ढकलू शकतात. त्या किमतीत वर्षभराचं चांगलं मॉइश्चरायझर येतं.

मग कोणी काय घ्यावं? कोरडी त्वचा असेल तर ओलसर चेहरा आणि रात्री जेली. चेहरा तेलकट आणि निस्तेज असेल, आणि सनस्क्रीनची शिस्त असेल, तर सौम्य आम्ल. डाग, वांग किंवा चालू मुरमं असतील तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टर. दिवस गेलेले असतील तर रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन बंद. आणि कुठल्याही उपायाने चुणचुण पाच-दहा मिनिटांत थांबली नाही तर धुऊन टाका. "आग होतेय म्हणजे आत जातंय" असं म्हणून सहन करू नका. ती कातडी दुखावल्याची खूण आहे.

त्या मुलीचं राहिलं. निघताना मी तिची बाटली हातात घेऊन ट्यूबलाइटखाली धरली. आतलं सीरम दुधाशिवायच्या चहासारखं तपकिरी झालं होतं. ती म्हणाली, आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं. उजेड, हवा आणि उष्णतेने व्हिटॅमिन सी असंच खराब होतं, आणि ती बाटली मे महिना गॅलरीच्या खिडकीत काढून आलेली. आत जायला त्यात काही उरलंच नव्हतं. तिने रोलरचा फोटो बंद केला, गडद काचेची सगळ्यात लहान बाटली घेतली आणि विचारलं, "कपाटात ठेवू की फ्रीजमध्ये?" म्हटलं, फ्रीजच्या दारात ठेव, झाकण घट्ट लाव, आणि दोनच थेंब.