गोदामाचं सॉफ्टवेअर नऊ महिन्यांनी: साठा जुळतो, लेबलं टिकत नाहीत

कीटकनाशकांच्या गोदामात दिवाळीनंतर हा संच बसवला: साठ्याचं सॉफ्टवेअर, एक बारकोड प्रिंटर, दोन वायरलेस स्कॅनर. सॉफ्टवेअरबद्दल फारशी तक्रार नाही. माल काढायच्या यादीत लवकर मुदत संपणारी बॅच आपोआप वर येते, आणि या धंद्यात एवढ्या एका गोष्टीनेही पैसे वसूल होतात.

राग आहे तो लेबलांवर. विकणाऱ्याने ‘रिबनचा (म्हणजे शाईच्या फितीचा) खर्च वाचतो’ म्हणून डायरेक्ट थर्मल प्रिंटर गळ्यात मारला. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात तोच कागद राखाडी पडला, आणि दाराजवळच्या रॅकवर ऊन लागून छपाई फिकी झाली. सगळ्यात वाईट म्हणजे गळक्या बाटलीतलं औषध. त्यातलं सॉल्व्हंट लागलं की पट्ट्याच पुसल्या जातात. बॅच नंबर गेला की तो बॉक्स उघडून एकेक बाटली वाचावी लागते.

विकत घेण्याआधी लेबलावर नखाने जोरात ओरखडा काढून बघा. काळी रेघ उठली तर ते डायरेक्ट थर्मल.

आता रिबनवाला प्रिंटर घेतलाय. ५० बाय २५ मिलीमीटरचं लेबल, मधलं अंतर ३ मिलीमीटर, म्हणजे एका लेबलाला २८ मिलीमीटर रिबन. ७४ मीटरच्या रोलमध्ये साधारण २,६०० लेबलं निघतात. साध्या क्रोमो (चकचकीत कागदाच्या) लेबलाला वॅक्स, म्हणजे मेणाच्या शाईची रिबन चालते, पण ती सॉल्व्हंटपुढे टिकत नाही. औषधाच्या बॉक्सला पॉलिएस्टर (प्लॅस्टिकचं) लेबल आणि रेझिन, म्हणजे राळेच्या शाईची रिबन हीच जोडी घ्या. रिबन मागवताना शाई बाहेरच्या बाजूला की आतल्या, हे प्रिंटरच्या पुस्तिकेत पाहून सांगा. उलटी आली तर लेबल कोरंच बाहेर येतं. प्रत्येक रोल बदलताना प्रिंटहेड (तापून छापणारी पट्टी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेडचा एक तापणारा ठिपका मेला की लेबलभर पांढरी रेघ येते. बारकोडच्या पट्ट्या कागद सरकतो त्याच दिशेने असतील तर ती रेघ एखादी बारीक पट्टीच खाऊन टाकते. बारकोड आडवा फिरवून छापला तर तीच रेघ सगळ्या पट्ट्यांना छेदून जाते आणि कोड वाचला जातो.

स्कॅनरबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. ‘कोड सापडत नाही’ असं वारंवार यायचं, तेव्हा यंत्रच खराब वाटलं होतं. दोष कीबोर्डचा निघाला. स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डसारखाच दिसतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला असेल तर इंग्रजी कॅपिटल ‘के’च्या जागी ‘ख’ उमटतो, आणि कॅप्स लॉक चालू असेल तर लहानमोठी अक्षरं उलटतात. आयटम कोड नुसत्या आकड्यांचे ठेवा आणि बिलाच्या कॉम्प्युटरवर भाषा इंग्रजीच राहू द्या.

उणे साठ्याची सोयही (नोंदीत माल शिल्लक नसला तरी बिल करू देणारी) सुरुवातीला चांगली वाटली होती. जूनच्या गर्दीत गाडी उतरता उतरता बिल फाटतं आणि आवकेची नोंद संध्याकाळी होते. तोवर विक्री जुन्या बॅचवर पडते: तिथे उणे १२, नव्या बॅचवर १२ जास्त. एकूण आकडा जुळतो, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही, पण मुदतीची यादी खोटी ठरते. उणे साठ्याची परवानगी सेटिंगमध्ये बंद करा आणि गाडी उतरली की आधी आवक चढवा, मग बिल.

विकणारा अजूनही म्हणतो की लेबल वॉरंटीत येत नाही. जुनी थर्मल लेबलं वाचता येतायत तोवरच स्कॅन करून, त्याच बॉक्सवर शेजारी नवीन चिकटवण्याचं काम इथे चालू आहे. रोज एक रॅक, दाराजवळच्यापासून सुरुवात.